रिकामं पाकीट, क्रमांक २१४

हलव्याच्या पत्र्याच्या डब्यातून आली नाणी
तुलचाच्या संग्रहालयात, मंगळवारी, मागच्या दाराने.
पुढचं दार रंगवत होते.
आणणारी एव्दोकिया. डोक्याला रुमाल,
बुटांना डॅन्यूबचा चिखल.
म्हणाली, "मोजून घ्या. तो मोजूनच गेला असणार."

तो म्हणजे लेओन्ते,
बंदरावर वजनकाट्यापाशी एकतीस वर्षं कारकून.
गहू, बोरू, खारवलेले मासे,
दिवसभर सगळं टनांत
आणि रात्री नखाएवढ्या रुप्यापुढे
श्वास रोखून, काटा हलू नये म्हणून.

मी नोंदवत जाते. धातू. वजन. व्यास. अक्ष,
म्हणजे नाणं उलटलं की मागची बाजू
घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे डोकं करते ते.

क्रमांक ३. हिस्त्रियाचा द्राख्म, रुपं, ५.४१ ग्रॅम.
दोन तरुण चेहरे शेजारी शेजारी,
एक सुलटा, एक उलटा.
कोणी म्हणतं जुळे देव,
कोणी उगवता नि मावळता सूर्य,
कोणी म्हणतं नदीचीच दोन मुखं.
मी रकान्यात लिहिते : अर्थ अनिश्चित.
लेओन्तेच्या पाकिटावर, शिसपेन्सिलीने :
"नवरा-बायको. उशी एकच. भांडण झालेलं."
(दोघेही पुरुष आहेत, हे त्याला माहीत असणारच.)

क्रमांक ८८. तांबं, वर खानाचा ताम्घा,
झिजून झिजून चघळलेल्या खडीसाखरेसारखं.
"अर्त्योमकडून. मधाच्या दोन बरण्या देऊन."

क्रमांक १०९. "नकली. घेतानाच कळलं होतं.
ओतीव आहे, कडेला शिवण दिसते.
पण गरुडाचं पीस न् पीस बघा."
खोट्यांचा ट्रे आमच्याकडे वेगळा असतो.
तिथे ठेवलं.
संध्याकाळी पुन्हा काढून बघितलं.

२१४ हाताला हलकं लागलं.
वर सगळं लिहिलेलं : हिस्त्रिया, ५.६७, अठरा मिलिमीटर,
अक्ष बारा, "माझ्याकडचं सर्वांत देखणं."
आत काही नाही.
मी टेबलाखाली वाकले, कचऱ्याची टोपली उपसली,
डबा उपडा केला, हलव्याचे दोन तीळ पडले.

"ते मी विकलं," एव्दोकिया म्हणाली.
पंच्याऐंशीचा जानेवारी. रेडिएटर मेलेले,
घरात बोललं की तोंडातून वाफ,
मुलगी खोकतेय.
जहाजावरच्या एका माणसाला दिलं, भाव न करता,
आणि लाकडं घेतली.
"त्याला म्हटलं, भावाने पाठवली.
मरेपर्यंत तेच म्हणत आले.
त्याने हे पाकीट पुन्हा उघडलं नसेल बहुतेक."
"वर लिहिलेलं वाचलं नाहीत कधी?"
"त्याचं अक्षर? मुंग्या."

सवयीने मी पाकीट उलटलं,
छापा पाहिला की काटा पाहायचाच.
मागे, त्याच पेन्सिलीने, त्याच मुंग्या :
"१९ जानेवारी १९८५. नाणं नाही.
लाकूड, दीड टन. माझ्याच काट्यावरून गेलं.
गाडीवानाने पत्ता सांगितला, आमचा.
जरा ओलसर. पण जळतंय."

मी मोठ्याने वाचलं.
ती रडली नाही. रुमालाची गाठ सोडली,
पुन्हा बांधली, आधीपेक्षा घट्ट.
"ओलसर?" म्हणाली.
"वाळलेलं होतं ते! वाळलेल्याचे पैसे मोजले होते मी."
आणि भिंतीकडे बघून, जणू तिथे कोणी बसलंय,
"चाळीस वर्षं गप्प बसलास,
आणि आता म्हणे ओलसर."

नियम असा की नाणं नसेल तर क्रमांक देऊ नये.
मी दिला.
धातू : रुपं. अक्ष : बारा.
वजनाच्या रकान्यात दोन आकडे लिहिले,
एक ग्रॅममध्ये, एक टनात.
साहेब विचारतील तेव्हा बघू.